आल्मूटची सवत

आल्मूट वेंट्सेलच्या जाडीला परक्या माणसानं हात लावलेला आल्मूटला खपत नसे. जाडी म्हणजे तिचा सिंथेसायझर. शहात्तर सालचा, लाकडी अंगाचा, बावीस किलो वजनाचा आणि स्वभावानं अतिशय नखरेल. चालू केल्यावर चाळीस मिनिटं अंग तापल्याशिवाय बाईसाहेब सुरात यायच्या नाहीत. मध्येच कोणी खिडकी उघडली तर पुन्हा रुसायच्या. सत्त्याण्णव साली एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या तळघरात ती ओल खात पडली होती. आल्मूटनं तिला तिथून उचलून आणलं, आठ महिने खपून बोलतं केलं, आणि तेव्हापासून थंडीच्या दिवसांत तिच्यावर लोकरीचं पांघरूण घालायची. स्वतः मात्र एकाच स्वेटरवर हिवाळा काढायची.

दुसऱ्यांची यंत्रं बोलती करण्यातच आल्मूटचं आयुष्य गेलं होतं. अठराव्या वर्षी ती पूर्व बर्लिनच्या रेडिओत दुरुस्ती खात्यात लागली. पुढे भिंत पडली, खातं गेलं, आणि तिनं वाइसेनझे भागातल्या एका इमारतीच्या मागच्या अंगणात स्वतःचं दुकान थाटलं. आता एकसष्टी उलटली तरी चष्मा कपाळावर, सोल्डरिंगचा धूर नाकात आणि तोंडाचा पट्टा चालू. “हे कोणी उघडलं होतं? खाटकानं?” हा तिचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असायचा.

कोणी उघडलं होतं हे तिला कळायचं कसं, तर नेलपॉलिशवरून. अशा यंत्रांच्या पोटात बारके बारके स्क्रू असतात, त्यांच्यावर सूर बांधलेले असतात. स्क्रू एकदा जागेवर बसला की तो हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा, ही या धंद्यातली जुनी रीत. थेंब तडकलेला दिसला की समजायचं, कोणीतरी हात घातलाय. आल्मूटची बाटली तिच्या आईची होती. आई ट्राम चालवायची आणि फक्त रविवारी नखं रंगवायची. रंग जांभळाकडे झुकणारा लाल, आता बाजारात कुठेही न मिळणारा.

दर गुरुवारी चार वाजता फोल्कमार दुकानात यायचा. हा शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. गेली चोवीस वर्षं दोघं जोडीनं वाजवत होते. वरचे लांब लांब सूर फोल्कमारचे, त्याच्या कीबोर्डवर, खालचे आठ सूर आल्मूटचे. तेच आठ, जाडीवर, हातानं, वीस-वीस मिनिटं न चुकता. पुढे सरकायची वेळ आली की फोल्कमार मान वर करून तिच्याकडे बघायचा, ती भुवई उडवायची, आणि दोघं एकदम पुढच्या सुरावर जायचे. त्या एका नजरेवर आल्मूट सगळा आठवडा काढायची, हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. प्रेमबिम म्हणाल तर तसलं काही नव्हतं. फोल्कमारला बायको होती, आणि तिनं केलेलं बटाट्याचं सॅलड आल्मूटला फोल्कमारपेक्षा जास्त आवडायचं. पण त्या खोलीत आपल्यावाचून अडतं एवढं दर गुरुवारी कळलं की तिचं भागायचं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी फोल्कमार एकटा आला नाही. त्याच्याबरोबर एन्नो नावाचा एक उंच माणूस होता, वर समुद्राकडचा, चाळिशीतला, लाल नाकाचा. हातात सुटकेस. सुटकेस उघडली तर आत कपडे नव्हते. ओळीनं बसवलेल्या पट्ट्या, बटणं, लुकलुकणारे दिवे आणि रंगीबेरंगी तारांचं जंजाळ.

“सीक्वेन्सर आहे,” फोल्कमार घाईघाईनं म्हणाला. “एन्नो स्वतः बनवतो. सूर एकदा भरून ठेवले की ही पेटी आपोआप वाजवते. म्हटलं, जाडीला जोडून बघू.”

“मोइन, आल्मूट!” एन्नोनं आपल्याकडच्या पद्धतीनं नमस्कार केला. “तुझ्याबद्दल फार ऐकलंय.”

आल्या आल्या तू. वाजवणाऱ्यांत सगळे एकमेकांना तूच म्हणतात, आल्मूटही म्हणायची. पण त्या दिवशी तिच्या जिभेवर वेगळंच आलं. “बूट काढा तुम्ही आधी,” ती म्हणाली, “आणि ती सुटकेस माझ्या टेबलावर ठेवू नका.” फोल्कमारनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

आधी दोघांनी एन्नोला आपलं नेहमीचं वाजवून दाखवलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. मग त्यानं पेटीतून एक तार काढून जाडीच्या पाठीत खोचली. प्रत्येक सुरासाठी पेटी ठरावीक व्होल्टेज पाठवते, एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर, एवढाच हिशोब. त्यानं एक बटण दाबलं आणि जाडी गायला लागली. आठच सूर, पण असे नेमके, असे झरझर, की आल्मूटच्या बोटांना सात जन्मांत जमले नसते. रोज चाळीस मिनिटं लाडीगोडी लावून घेणारी ही बया त्या परक्या पेटीसमोर पहिल्याच मिनिटाला खुलली.

“आल्मूट, ऐकतेस ना?” फोल्कमार ओरडला. “ही आपली जाडी? आपलीच?” तो टक लावून बघत होता, पण पेटीच्या दिव्यांकडे.

आल्मूटच्या पोटात दुखलं. सवत घरात यावी आणि नवऱ्यानं हिलाच विचारावं, काय गोड गळा आहे नाही तिचा, तसं झालं. एन्नोनं थर्मासमधून चहा ओतला, कपात खडीसाखरेचा खडा टाकला आणि कप तिच्यापुढे धरला. “खडा तडकतो बघ, ऐकू येतं,” तो म्हणाला.

“मी कॉफी घेते,” आल्मूट म्हणाली.

त्यानंतर एन्नो दर गुरुवारी येऊ लागला. तिसऱ्या गुरुवारी फोल्कमारनं घसा साफ केला. “एप्रिलच्या कार्यक्रमात खालचे सूर पेटीलाच देऊ. तू बटणं सांभाळ, आवाज उघडायचा, मिटायचा. तेवढेच तुझे हात मोकळे होतील.”

“माझे हात बांधलेले होते असं तुला कोणी सांगितलं?”

“चिडू नकोस गं. मी कामाचं बोलतोय.”

“मग मी घरीच राहते ना. बटणं फिरवायला एखादा पंखा आणून लावा.”

फोल्कमार हसला. त्याला तो विनोद वाटला, आणि त्याचाच आल्मूटला जास्त राग आला. चोवीस वर्षं बरोबर वाजवून ह्या माणसाला एवढंही कळू नये!

शुक्रवारी सकाळी दुकानाला आतून कडी लावून तिनं जाडी उघडली. बाहेरच्या तारेतून येणाऱ्या व्होल्टेजसाठी आत एक वेगळा स्क्रू होता. जाडीच्या स्वतःच्या पट्ट्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे तो किंचित मागे फिरवला तर हातानं वाजवलेलं चोख राहणार, आणि पेटीचा सूर जितका वर जाईल तितका उतरणार. नवा माणूस कणसूर, त्याचं यंत्र कणसूर, आणि दोष कोणाचा तर त्याचाच. आल्मूटनं पेचकस लावला. आईच्या नेलपॉलिशचा सव्वीस वर्षांचा थेंब टचकन तडकला. तिनं स्क्रू जरासा फिरवला, नवा थेंब सोडायला बाटली उघडली, तर आतलं पॉलिश वाळून खडखडीत झालेलं. स्क्रू तसाच उघडा ठेवून तिनं झाकण लावलं. आयुष्यात कोणाचं यंत्र तिनं मुद्दाम बिघडवलं नव्हतं, आणि पहिलं बिघडवलं ते स्वतःचं.

पुढच्या गुरुवारी पेटी सुरू झाली. खालचे सूर बरे होते. वर जाताना मात्र एकेक सूर थोडा थोडा ढळायला लागला, आणि सगळ्यात वरचा तर आपल्या जागेपर्यंत पोचेचना. फोल्कमारच्या लांब सुरांखाली तो थरथरत राहायचा. एन्नोनं कान टवकारले. त्यानं पेटीवरचा आकडा पाहिला, जाडीच्या पट्टीवर एक बोट ठेवून तोच सूर वाजवून पाहिला, मग आल्मूटकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. आता फोल्कमारचं तोंड वाकडं होणार, म्हणून आल्मूट वाट बघत होती.

फोल्कमारच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एन्नो,” तो म्हणाला, “हे काय केलंस तू? अरे, रडतेय ती!”

“मी काही...” एन्नो बोलायला गेला.

“नको, समजावू नकोस. अजिबात बदलू नकोस. चोवीस वर्षं मी हाच सूर शोधत होतो रे!”

आल्मूट बटणावर हात ठेवून उभी होती, तशीच राहिली. तिच्या अंगाची नुसती लाही झाली. पाप तिचं, पुण्य त्याच्या पदरात. बोलायची सोयही नव्हती. स्क्रू पुन्हा जागेवर आणावा तर ते रडणं गेलं कुठे म्हणून फोल्कमार यंत्र उघडायला लावणार, न आणावा तर दर गुरुवारी एन्नोचं कौतुक ऐकायचं. तिनं दोन महिने ते ऐकलं. जाडीवर पांघरूण घालणंही सोडून दिलं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी एका बंद पडलेल्या जलतरणगृहाच्या कोरड्या टाकीत कार्यक्रम झाला. शंभरेक माणसं निळ्या फरशीवर उशा टाकून बसली होती. आल्मूटनं सांगितल्या वेळी बटणं फिरवली, आवाज उघडला, मिटला. एकदाही फोल्कमारनं तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच नव्हती. पेटी वेळेवर पुढे सरकत होती. शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा फोल्कमारनं माइक घेतला.

“तो रडणारा सूर तुम्ही ऐकलात ना,” तो म्हणाला, “त्याचं सगळं श्रेय आमच्या नव्या साथीदाराचं, एन्नोचं.”

एन्नोनं पुढे होऊन माइक घेतला. “माझं नाही,” तो म्हणाला. “माझी पेटी सरळ वाजवते. तो सूर आल्मूटनं लावलाय, स्वतःच्या हातानं. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, हा ऐकेल तर शपथ!”

लोक हसले, आणि मग सगळी टाकी आल्मूटकडे वळून टाळ्या वाजवायला लागली. फोल्कमारही वाजवत होता, तोंड उघडं टाकून, तिच्याकडे बघत. जे तिला हवं होतं ते सगळं एकदम समोर आलं होतं, आणि तिला वाटत होतं की फरशी फाटावी आणि आपण आत जावं.

सोमवारी सकाळी राहिलेली तार न्यायला एन्नो दुकानात आला, तेव्हा आल्मूट जाडी उघडून बसली होती. हातात पेचकस होता, पण स्क्रूला अजून लावला नव्हता.

“काल तुम्ही ते का बोललात?” तिनं मान वर न करता विचारलं.

“खरं तेच बोललो.”

“डोंबलाचं खरं! तुमची फजिती व्हावी म्हणून फिरवला मी तो स्क्रू. कळलं? कला नाही न काही नाही. जळत होते मी तुमच्यावर, तुमच्या ह्या सुटकेसवर.”

“माहीत आहे,” एन्नो म्हणाला. त्यानं बूट काढले आणि स्टूल ओढून बसला. “जाडी पट्टीवर चोख आणि फक्त माझी तार कणसूर, असं आपोआप होत नाही. शिवाय माझ्या कपाशेजारी नेलपॉलिशचे कपचे पडले होते.”

“मग बोलला का नाहीत? पेटीत प्रत्येक सूर सुधारता येतो म्हणे तुम्हाला.”

“दोन मिनिटांत आला असता. सुधारणारच होतो, डोकं फिरलं होतं माझं. पण तेवढ्यात फोल्कमार रडायला लागला.” तो थोडा वेळ हातातली तार गुंडाळत राहिला. “सोळा वर्षं पेट्या बनवतोय मी, आल्मूट. लोक बोलावतात, तार जोडतात, वा वा म्हणतात. माझी पेटी वाजते तेव्हा सगळे पेटीकडे बघतात. पहिल्या दिवशी तुम्ही दोघांनी वाजवून दाखवलंत ना, तेव्हा तो मान वर करून तुझ्याकडे बघत होता. घरी गेलो तरी माझ्या डोळ्यांसमोरून ते जाईना. माझ्याकडे कोणी कधी तसं बघितलं नाही.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर जळत होता?”

“अजून जळतोय.”

आल्मूटला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तिनं चष्मा कपाळावर सारला, खाली ओढला, पुन्हा सारला.

“शेवटच्या भागातले आठ सूर मी हातानं वाजवणार,” ती म्हणाली. “पेटी बंद. फोल्कमारला काय सांगायचं ते मी सांगते.”

“सांग.”

“आणि हा स्क्रू आहे तिथेच राहील.”

खणातून तिनं नवी बाटली काढली. आईच्या रंगाच्या जवळ जाणारा रंग शोधत ती चार दुकानं फिरली होती, तरी जरा भडकच मिळाला होता. तिनं झाकण उघडलं, ब्रश निथळून घेतला, आणि स्क्रूवर नेणार तोच हात थांबला. सव्वीस वर्षांत जाडीच्या पोटात तिच्याशिवाय कोणाचा हात गेला नव्हता. तिनं ब्रश एन्नोपुढे धरला.

एन्नोनं श्वास रोखून, जिभेचं टोक बाहेर काढून, स्क्रूवर थेंब सोडला. थेंब मोठा पडला आणि कडेनं ओघळला.

“केवढा सोडलास!” आल्मूट म्हणाली.

एन्नो ब्रश तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

“माझ्याकडे काय बघतोस? स्क्रूकडे बघ. वाळायच्या आत पूस ते.”