शुक्रवारची लाईन

"डब्याचाच फिल्टर, भाई. किती वेळा सांगू?"

"आणि मी सांगतोय, मागच्या काचेवर टांगायचा घे. त्यात निळी-हिरवी लाइट आहे. बघायला काहीतरी पाहिजे की नको?"

"बघायला मासे असतात!"

निजामपुऱ्यातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात सबीहा आणि अरशद या बहीण-भावाचं अर्धा तास हे चाललं होतं. दुकानदार केसरीनाथ दोन हातांत दोन खोकी धरून उभा होता. ज्याची सरशी होईल त्याचं खोकं पुढे करायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

सबीहाचं वय अडतीस. अरशदच्या, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाच्या लूमच्या कारखान्यात ती कापड तपासते. ताग्यात एक धागा तुटलेला असला तरी तिच्या बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. दोन महिने तिने मोबाइलवर फिल्टरही असेच तपासले होते. टाकी दोन फुटी, तिच्या खोलीत ठेवायची. खोलीखाली लूम धडधडतात, म्हणून काचेखाली थर्मोकोलचा जाड तुकडा. आणि फिल्टर झाकणबंद.

"सुताची लव उडते आपल्याकडे," ती केसरीनाथला म्हणाली. "माझ्या भातावर बसते, उशीवर बसते. हवेचा पंप लावला तर तो लव ओढून आठवड्यात बंद पडेल. तो टांगायचा फिल्टर वरून उघडा. त्यात तर सरळच पडणार."

"ताई बराबर बोलतान, शेठ," केसरीनाथने अखेर टांगायच्या फिल्टरचं खोकं खाली ठेवलं. "यवरा इचार करून येनारा गिऱ्हाईक मना न्हाय भेटला. फकस्त एक हाय, ताई. याला लाईन चोवीस तास लागल."

"चोवीस तास वीज?"

"तासभर गेली तं चालल. दिसभर गेली तं आतले चांगले जंतू गुदमरतान, डब्यातला पानी नासतो. मंग लाईन आली का डबा तीच घान टाकीन फेकनार. सकालला मासं उलटं."

अरशद खूश झाला. "घ्या! संपलं. हिच्या खोलीत शुक्रवारी लाईनच नसते."

"म्हंजे?"

"खोली कारखान्यावर आहे, कारखान्याच्याच लाईनवर. शुक्रवारी लूम बंद, मेन स्विच खाली. शनिवारी सकाळी वर. शेजारचा कारखाना शॉर्टसर्किटने जळलाय. मी रिस्क घेत नाही."

"आख्खा दिस? रातपन?" केसरीनाथने कपाळाला हात लावला. "मरतीन वो! मुके जीव ते, बोलतान थोरंच?"

अरशदला ते लगेच पटलं. "हां, ते बरोबर. मग टाकी भिंतीपलीकडे आमच्या हॉलमध्ये ठेवू ना. घरच्या मीटरवर. इन्व्हर्टर पण आहे. काय सबीहा, झालं?"

झालं! मिनिटभरात झालं. सासर सोडून ती परत आली, त्याला बारा वर्षं झाली. त्या बारा वर्षांतला प्रत्येक शुक्रवार तिने पंख्याविना काढला होता. मे महिन्यात जिन्याच्या पायरीवर बसून. रात्री मोबाइलच्या उजेडात जेवून. पहिल्याच उन्हाळ्यात तिने सांगितलं होतं, तेव्हा हाच भाऊ म्हणाला होता, "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, तेवढ्यात तुझं दुसरं लग्न जमेल." ती बोलली होती! मुकी नव्हती. दुकानदाराने माशांसाठी एकदा कपाळाला हात लावला आणि लाईन सापडली.

"भाई, घरच्या मीटरवरून माझ्या खोलीत वायर का नाही येत?"

"येते की. पण हॉलमधून न्यावी लागेल. छताला नवीन पीओपी केलंय, त्याला भोकं पाडू? तुझी भाभी जीव घेईल माझा."

"माशांना हॉल. मला जिना."

"तू काय माशांशी बरोबरी करतेस आता?"

"मी नाही केली. तू केलीस. मासे जिंकले."

केसरीनाथ खाली वाकून उगाच टाकीत घालायच्या खड्यांची पिशवी बांधू लागला.

"लोकांसमोर तमाशा नको," अरशदचा आवाज उतरला. "घरी बोलू."

"घरी बारा वर्षं बोलले. तुझ्या कापडात एक धागा कमी असला तर तू माझ्यावर ओरडतोस, माल परत येईल म्हणून. माझा अख्खा दिवस कमी आहे आठवड्यातला. तो कुणी तपासायचा?" तिने डब्याच्या फिल्टरचं खोकं उचलून काउंटरच्या मधोमध ठेवलं. "टाकी माझ्या खोलीत बसणार. मासे नंतर. आधी वायर, आणि ती येत्या शुक्रवारच्या आत. वायरमनला मी बोलावते, तू फक्त हॉलचं दार उघडं ठेव. ठेवशील की नाही?"

अरशदने तिच्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. केसरीनाथच्या हातातली गाठ अर्धीच राहिली.

"भाई, मी विचारतेय."

अरशदने खिशातून रुमाल काढला, मान पुसली, आणि दुकानाच्या दोन पायऱ्या उतरून गल्लीतल्या गर्दीत चालू लागला.