ताटलीवरचा तळहात

कधीही एका वेळी घरात नसणाऱ्या दोघांना मी एकमेकांच्या मिठीत पकडलं आणि तसं लेखी कळवूनही टाकलं. ही माझी चूक. दोघं माणसं नव्हती, अमिनो आम्लं होती, म्हणून मार वाचला.

मार द्यायचा अधिकार खरं तर सरांचा. पण सरांचा हात कुणावर उठलेला मी पाहिला नाही. तो आडवा पडायचा. पेडण्यात कुणाच्या घरी तुम्ही गेलात तर नीट टेकायच्या आधी काजूची ताटली पुढे येते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. सरांपुढे ती आली की ते तिच्यावर तळहात झाकणासारखा ठेवत आणि हसून म्हणत, "वळख जुनी, संबंध नाय."

कोरगावात काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, वाढलेल्या या माणसाला काजू चालत नसे. चालत नसे म्हणजे पोट बिघडे असं नव्हे. एक तुकडा गेला तर घसा सुजून श्वास बंद. लहानपणी एकदा जेमतेम वाचले होते. तेव्हापासून त्यांच्या भाटातली बी खोपीत साठे आणि खोपीतूनच परस्पर विकली जाई. उंबरठ्याच्या आत तिला मज्जाव. लग्नात बिब्यांची, म्हणजे ओल्या काजूची, भाजी वाढणारा पंगतीत शिरला की सर आपल्या पानावर दोन्ही हात पसरून असे ओणवे होत, की शेजारच्याला वाटे यांच्या पानात काही खास वाढलंय.

दुसरा कुणी असता तर त्याने शत्रूकडे पाठ फिरवली असती. सरांनी शत्रूचा अभ्यास केला. कॉलेजात जीवरसायन शिकवता शिकवता काजूतल्या त्या एका प्रोटीनच्या मागे ते हात धुऊन लागले. मी त्यांच्याच विभागात, वयाने वीसेक वर्षं लहान, रोज डिचोलीहून स्कूटर दामटत येणारा. मला प्रोग्रॅम लिहिता येतो असा माझा समज होता आणि सरांनी तो मोडला नव्हता.

काम ऐकायला सोपं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, चुरगळून गुंडाळी झालेली. सरांच्या रक्तातली अँटिबॉडी ही गुंडाळी ओळखते आणि गाव जमा करते. पण ओळखताना ती अख्खी गुंडाळी कवळत नाही, मोजक्या अमिनो आम्लांनाच हात लावते. अशा जोडीच्या रचना संशोधक सगळ्यांसाठी उघड्या ठेवतात. त्यातली एक आम्ही संगणकावर उतरवून घेतली होती. इकडे प्रोटीनचा कुठला अणू तिकडे अँटिबॉडीच्या कुठल्या अणूच्या ठरावीक अंतरात येतो, ते काढायचं. कोण कोणाला टेकलंय, एवढंच.

दूरच्या एका प्रयोगशाळेने सरांना शब्द दिला होता. तुम्ही एक अमिनो आम्ल निवडा, तेवढंच बदललेलं प्रोटीन आम्ही तयार करतो आणि तुमच्याच रक्ताला दाखवतो. एकदाच. सर त्या वर्षी निवृत्त होत होते. त्यानंतर कुठल्या नावाने पुन्हा मागणार? रक्त काढून पाठवलं त्या दिवशी दंडावर कापूस दाबून ते म्हणाले, "एकदा तरी माझ्या रगतान तेका वळखूक नाय जाय. मगे खुशाल घरा बसतलंय."

निवड माझ्याकडे दिली. आणि मला सापडली की हो जोडी! इकडचं एक ग्लुटामेट, तिकडचं एक लायसीन. सगळ्या यादीत सगळ्यांत जवळ. इतक्या जवळ दुसरं कुणीच नव्हतं. मी ते ग्लुटामेट गुलाबी रंगात रंगवलं, प्रयोगशाळेला कळवलं, आणि सकाळी पोदेराकडून पाव घेताना त्यालाही सांगितलं. त्याने सुटे मागितले.

दोन दिवसांनी चहाचा कप हातात घेऊन सर माझ्या पडद्यासमोर बसले. चित्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं.

"इतके लागीं?"

"सगळ्यांत जवळचा संपर्क, सर!"

"अरे, हे लागीं नाय. एका खुर्चेर दोगे बसल्यात. अणू असे बसतत काय?"

"ओढ असेल, सर." हे मी खरोखर बोललो.

सरांनी कप खाली ठेवला. "आमच्या मागल्या खोलयेत भाडेकरू आसत, सावंतवाडीकडचे. घोव रातीचो ट्रक चलयता, बायल दिसाची फॅक्टरीत जाता. खाट एकच. तू मेजपट्टी घेवन गेलंस तर दोगांमदलां अंतर शून्य भरतलां. पूण तीं बिचारीं एकामेकांक भेटतत आयतारा."

मग त्यांनी फाइलमध्ये बोट ठेवून दाखवलं. अमिनो आम्लाचा हात नेहमी एकाच जागी नसतो, कधी इकडे असतो, कधी तिकडे. फाइलमध्ये दोन्ही जागा लिहिलेल्या असतात. एकीला 'ए' म्हणतात, दुसरीला 'बी'. शेजारी जेव्हा 'ए' जागी, तेव्हा हाही 'ए' जागी. मी एकाची 'ए' घेतली होती, दुसऱ्याची 'बी'. रात्रपाळीच्या नवऱ्याची दिवसपाळीच्या बायकोशी खाटेवर गाठ घालून दिली होती, आणि त्या गाठीवर सरांची एकुलती एक संधी टांगली होती.

सरांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्याशी ते एकदम छापील मराठीत बोलू लागले, "आमच्या निवडीत चूक झाली आहे. काम सुरू केलं नसेल तर थांबा." नशीब, सुरू झालं नव्हतं. नवीन निवड लगेच पाठवा, म्हणाले.

"चूक माझी होती, सर. 'आमची' कशाला म्हटलंत?"

"पत्रार सही माझी आसा मरे. आता रडां नको, यादी काढ."

त्या दुपारी सरांनी माझी सगळी यादी झोडपली. हा नुसता वाटेत उभा आहे, काढ. यांच्यामधे पाण्याचा थेंब बसलाय, नंतर बघू. हा टेकलाय खरा, पण काढला तर कुणाला कळायचंही नाही. शेवटी उरलं एक आर्जिनीन, माझ्या यादीत बरंच खाली. त्याच्यावर अँटिबॉडीचं एक टायरोसीन सपाट पसरलं होतं. सरांनी टेबलावर तळहात आडवा ठेवला, काजूच्या ताटलीवर ठेवत तसाच.

"हो बघ. गडबड नाय, गोंधळ नाय. पूण धरून ठेवलां ता हेणां. हेका बदलूक सांग."

"नक्की, सर?"

"माझां रगत माका ठावक नाय, तर कोणाक ठावक?"

सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी काजूकतलीचा खोका आणला. सरांनी खोक्यावर हात ठेवूनच भाषण केलं. दोनेक महिन्यांनी एका दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. हृदय. काजूला जन्मभर जे जमलं नाही, ते त्याने एका दुपारी केलं.

निकाल त्यानंतर आला.

तो घेऊन मी कोरगावला गेलो. काकी, म्हणजे सरांची बायको, पडवीत बसल्या होत्या. मी सांगितलं की मूळ प्रोटीन सरांच्या रक्ताने लगेच ओळखलं, आणि आर्जिनीन बदललेलं पुढे ठेवलं तेव्हा तेच रक्त जवळजवळ ओळख न दाखवता निघून गेलं.

"म्हणजे हेंका काजू खावक गावलो असतो?"

"नाही काकी. काजूत अशी आणखी प्रोटीनं आहेत. ही एकाच दाराची कडी."

"पूण नाय वळखलां?"

"नाही वळखलं."

"हेंच्याच रगतान?"

"सरांच्याच."

काकी उठून आत गेल्या आणि ताटली घेऊन आल्या. भाजलेले काजू. त्या घराच्या उंबरठ्याच्या आतून आलेले काजू मी पहिल्यांदाच पाहत होतो. ताटली समोर आली आणि मला कळायच्या आत माझा तळहात तिच्यावर आडवा पडला.

काकींनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात काढ आनी खा," त्या म्हणाल्या. "ताटलेर हात ठेवन कोण सर होना नाय."