मुशीचं तेल प्यायलेली गाडी

एखादी वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय मिठबावच्या धोंडू तारीला घास गोड लागत नसे. लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ त्याने अंगाची हळद उतरायच्या आत उघडून पुन्हा जुळवलं होतं. ते पुढे चाललंही, फक्त जगाच्या थोडं पुढे चाललं. असा माणूस होडी घेऊन मासे मारायला जायचा, त्यामुळे बऱ्याच माशांचं आयुष्य वाढलं असावं.

गाडी मात्र त्याने निव्वळ हौसेने जुळवायला घेतली नव्हती. त्याची बायको जानकी मासे विकायला एसटीने नांदगावच्या बाजाराला जायची. माशांची पाटी दिसली की कंडक्टर तिला अगदी मागे पिटाळायचा. सीट रिकामी असली तरी शेजारचे नाकाला रुमाल लावायचे, म्हणून ती पाटीजवळ खालीच बसायची. एकदा एका दमलेल्या दिवशी ती सीटवर टेकली, तर कुणीतरी तिला उठवलं. घरी येऊन हे तिने हसत सांगितलं. धोंडूला हसू आलं नाही. नारळी पौर्णिमा झाली की तू आपल्या गाडीतून बाजाराला जाशील, असं तो बोलून बसला.

भंगारातल्या एका जीपची चेसी आली, दुसरीचं इंजिन आलं. पाट्यांसाठी मागचा लांब हौदा होड्या बांधणाऱ्या सुताराने करून दिला. राहिलं वायरिंग. २००३ च्या पावसाळ्यात धोंडू त्यासाठी सावंतवाडीला गेला.

दुकानदाराने दोन किट पुढे ठेवले. एकातल्या तारा जाड प्लास्टिकच्या नळीत बंद होत्या, दुसऱ्यातल्या नुसत्या कापडी पट्टीने गुंडाळलेल्या. धोंडूने दोन्ही किट जाळ्यासारखे जमिनीवर पसरले आणि एकेक तार बोटाने धरत निघाला. ही पुढच्या दिव्याला, ही हॉर्नला, ही बॅटरीला, मग ही पिवळी कुठे जाते? बाकीची गिऱ्हाइकं पाय उचलून उचलून चालत होती. लांब हौद्याच्या टोकाला मागच्या दिव्याची तार पोचायला हवी होती, ती दोन्हींत पोचत होती. दुकानदार म्हणाला, नळीवालाच घ्या, खाऱ्या वाऱ्यात टिकेल.

"ह्या नळीत तेल खंयसून जातला?" धोंडूने विचारलं.

दुकानदार बघतच राहिला. पण धोंडूचं गणित सरळ होतं. खाऱ्या पाण्यात होडी टिकते ती मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलावर. दरवर्षी लाकडाला ते पाजावं लागतं. लाकडाला मानवतं ते तारेला का नाही मानवणार? त्याने पट्टीवाला किट उचलला, घरी आणून तेलाने थबथबवला आणि गाडीत बसवला. दिवे लागले, हॉर्न वाजला. वास येतो म्हणणाऱ्यांना त्याने भीक घातली नाही.

नारळी पौर्णिमा झाली. बाजाराच्या सकाळी जानकी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. धोंडूने चावी फिरवली. गाडी ढिम्म. बॉनेट उघडलं तर आत तीन-चार मांजरं मिशा चाटत बसलेली. उंदीर-मांजरांनी जन्माचं वैर विसरून पंगत उठवली होती. पट्ट्या कुरतडलेल्या, तारा तुटलेल्या.

"तुमी मांजरांका जेवाण वाढलास," जानकी म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू ओसरलं. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. तिच्या पाठीकडे बघताना धोंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी तो सावंतवाडीला जाऊन नळीवाला किट घेऊन आला. तेलाचं काय, असं दुकानदाराने मुद्दाम विचारलं. तेल होडीलाच बरं, एवढंच धोंडू म्हणाला. या वेळी त्याने गाडी आतून साबणाने धुऊन काढली, मगच किट बसवला.

पुढच्या बाजाराला गाडी धडधडत सुरू झाली. जानकीने पाटी हौद्यात ठेवली आणि स्वतःही हौद्यात चढून, सवयीने, पाटीजवळ खाली बसली. धोंडू उतरून मागे गेला.

"पुढे बस गो. हंय तुका कोण उठवचो नाय."

ती हौद्यातून उतरली. पदराला हात पुसत आली आणि त्याच्या शेजारी बसली. गाडी गावाबाहेर पडली. लग्न झाल्यापासून एसटीत खाली बसून त्याच रस्त्याने जाणारी ती बाई काचेला नाक लावून दर वळणावर विचारत होती, "हो खंयचो गाव?" आणि धोंडू तिला एकेका गावाचं नाव सांगत होता.