सरांनी प्यायलेला कोरियन काढा

आमच्या सरांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान्य केली नाही. स्वतःचा मधुमेहसुद्धा त्यांनी दोन-तीन यंत्रांवर पडताळून मगच कबूल केला. आयर्लंडमधल्या किलकेनीच्या इस्पितळात ते माझे वरिष्ठ डॉक्टर, मूळचे मिरजेचे, आणि एकटे राहणारे. साखर मोजायचं यंत्र कायम खिशात. एकदा आमच्याकडे गणपतीच्या जेवणाला आले आणि मोदक खाल्लेल्या प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून मोकळे झाले. माझ्या सासूबाई हात पदराखाली लपवून बसल्या. वॉर्डातल्या आयरिश नर्सेस मात्र त्यांच्यावर खूश. “युअर मॅन इज ग्रँड,” म्हणायच्या, म्हणजे हा माणूस झकास आहे, “फक्त त्याच्यासमोर केक खाऊ नका.”

२०११ च्या सुमारास प्रयोगशाळेतली एक कोरियन मुलगी त्यांच्याकडे रडवेली होऊन आली. तिच्या आईला मधुमेह. गावाकडच्या वैद्याचा काढा सुरू केल्यापासून आईने गोळ्या बंद केल्या होत्या आणि आता पायाची जखम भरत नव्हती. “तिला समजवा ना,” मुलगी म्हणाली. सर म्हणाले, “न पिताच वाईट कसं म्हणू? मागव त्या काढ्याची पाकिटं.”

पाकिटं आली. सरांनी आधी त्यातली मुळं कुठली ते तपासून घेतलं, स्वतःच्या डॉक्टरला विचारलं, गोळ्या चालूच ठेवल्या. मग मला कामाला लावलं. काही आठवडे खरा काढा, काही आठवडे खोटा. कधी कुठला ते फक्त मला ठाऊक. खोट्यासाठी मी चहाची पूड आणि जळकी संत्र्याची सालं उकळायची. आमच्या स्वयंपाकघराला तेव्हा जो वास सुटला, त्यावरून नवरा अजून टोमणे मारतो. सर रोज पेला नाक न दाबता रिकामा करायचे आणि म्हणायचे, “आज नक्की खरा होता.” बहुतेक वेळा तो चहाच असायचा.

शेवटी आकडे मांडले. काहीच फरक नव्हता. सरांनी सगळी बेरीज पुन्हा पहिल्यापासून करून पाहिली. त्यांनाही काढा लागू पडायला हवा होता, हे मला तेव्हा कळलं. “एका माणसावरून शास्त्र ठरत नाही,” ते म्हणाले, “पण म्हातारीशी बोलायला एवढं पुरे.”

संगणकावर आईचा चेहरा दिसला. मुलगी दुभाषी. “आजी, तुमचा काढा मी मनापासून प्यायलो,” सर म्हणाले. “माझी साखर त्याला जुमानत नाही. तुम्ही काढा प्या, पण गोळीही घ्या. आणि पाय उद्याच डॉक्टरांना दाखवा.”  म्हातारी काहीतरी पुटपुटली. मुलीने डोळे पुसत सांगितलं, “म्हणते, आजवर सगळे नुसते रागावले. पिऊन कुणी पाहिला नव्हता.”

तिने गोळ्या सुरू केल्या. पाय वाचला.

पुढे मी वॉटरफोर्डला बदलून गेले. निघताना सरांना भेटायला गेले, तर गॅसवर पातेलं उकळत होतं. आजीबाई अजूनही पाकिटं पाठवत होत्या.

“सर, याचा उपयोग नाही हे आपणच पाहिलं ना?”

“साखरेवर नाही,” ते म्हणाले आणि कपाटातून, इथल्या भाषेत प्रेसमधून, आणखी एक कप काढला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आम्ही दोघं ते कडू पाणी संपेपर्यंत बसून राहिलो.