साडभाऊंचे मार्कर

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात पडद्यावरच्या एका त्रिकोणासाठी ताटातली भाकरी गार करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा हे माझं नशीब. धामणगाव बढ्याला घर, पॉलिटेक्निकातली मास्तरकी करून निवृत्त, आणि आता दिवसभर लॅपटॉपवर सर्किटं चालवण्याचा नाद. मी भूगोलाचा मास्तर, मला कळलं तेवढं सांगतो. सर्किट खरोखर जोडण्याआधी ते संगणकात काढून चालवून बघतात. व्होल्टेज कसं चढतं-उतरतं त्याची रेघ पडद्यावर उमटते, आणि रेघेवर हव्या त्या जागचं माप वाचायला एक खूण रोवतात. ती खूण म्हणजे मार्कर. बाकीचं जग सॉफ्टवेअर देईल ती खूण मुकाट्यानं घेतं.

आमच्या साडभाऊंना हे मंजूर नाही. "सगळ्यायले एकच पांढरी फुली? लग्नात सगळ्या वऱ्हाडाले एकाच मापाचा सदरा शिवता का?" असं ते मलाच खडसावतात, जणू ती फुली मी काढली. त्यांच्याकडे चढणीला वर टोक असलेला त्रिकोण, उतरणीला खाली टोक असलेला, आणि रेघ स्थिरावली की चौकोन. दशांशानंतरची शेपटी छाटलेली, कारण "एवढे आकडे कोनाच्या बापाले पाह्यजेत?" रंगाचा निकाल मात्र माझी मेव्हणी देते. एकदा तिला स्वयंपाकातून उठवून पडद्यापुढे उभं केलं, तेव्हा ती म्हणाली, "वांग्याचा रंग द्या अन् मले जाऊ द्या." तेव्हापासून सगळे मार्कर वांगी. त्याच दुपारी आम्ही ताटांवर बसलो, तर हे आतून ओरडले, "थांबा जी, लेबल रेघेवर बसून राह्यलं!" मार्करजवळचं मापाचं ते लेबल रेघेवरून उठेपर्यंत भरीत गारढोण झालं. मी भडकलो, वाट्टेल ते बोललो, आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या भाकरीला शांत झालो.

त्यांचा हा नाद समजणारं आमच्या घरात एकच माणूस, माझी मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तिनं विहिरीवरच्या मोटरीसाठी सर्किट केलं. गेलेली लाइन परत आली की व्होल्टेज आधी उसळतं. ते जागेवर येईपर्यंत मोटर चालू होऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. पुण्याची नोकरी ठरली होती, पण यात पास झाली तरच. तिच्या मावसाजींनी, म्हणजे आमच्या साडभाऊंनी, तिला मार्कर शिकवले. खूण ठरावीक वेळेवर रोवायची नाही, रेघेच्या वागण्याला बांधायची, म्हणजे रेघ बदलली की खूण आपोआप तिच्यामागे जाते. शिकवताना गंमत म्हणून त्यांनी खुणांना नावंही दिली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं बुलढाण्याला कॉलेजच्या व्हरांड्यात बसलो होतो. मुलगी आत गेली, दार लागलं, आणि साडभाऊंनी कपाळावर हात मारला.

"दादा, नावं बदलाची राहून गेली न जी!"

"कसली नावं?"

"उसळीवर लिवलं, 'दादा तापले'. चौकोनावर 'दादा निवले'."

मी असा काही चढलो की शिपाई धावत आला. पोरीची नोकरी जायची, आणि तीही माझ्या रागापायी! साडभाऊ मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. जीव नुसता टांगणीला लागला होता.

मुलगी बाहेर आली ती हसतच. परीक्षकांनी पडद्याकडे बघून विचारलं होतं, "हे दादा कोण?" ती म्हणाली, "सर, माझे बाबा. मावसाजी त्यांना दादा म्हणतात. एकदम वर जातात, मग जागेवर येतात. ते जागेवर आल्याशिवाय आमच्या घरी कोणी काही मागत नाही, तशी ही मोटर." साहेबांनी मुद्दाम सर्किटातलं एक माप बदललं. रेघ पार बदलली, पण दोन्ही मार्कर तिच्यामागे सरकून बरोबर जागी बसले. "दादा उशिरा निवले, मोटरही उशिरा लागेल," ती म्हणाली. साहेब हसले, आणि पुढे काही विचारलंच नाही.

मला एवढं हायसं वाटलं की मी मटकन बाकावर बसलो. साडभाऊंनी डोळे पुसले, आणि मी ते बघितलंच नाही असं दाखवलं.

ती पुण्याला गेली. परवा धामणगावला गेलो तर साडभाऊ नवं सर्किट घेऊन बसलेले. मार्कर तेच, वांगी, पण एकावरही नाव नाही.

"काऊन हो, यंदा कोणीच नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नाव वाचून हसनारी गेली न, दादा. करमून नाही राह्यलं."

खुर्ची ओढून मी त्यांच्याशेजारी बसलो. "मलाही," म्हणालो. "दाखवा काय केलंय ते." त्या रेघेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आतून मेव्हणीनं जेवायला दोनदा हाक मारली, पण दोघांपैकी कोणीच उठलं नाही.