नखमावशी आणि माझे चार टायर

नखमावशी गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच पाहत नसत. उतरणारा डॉक्टर असो, कंत्राटदार असो की वाळूच्या ट्रकचा ड्रायव्हर, त्या सरळ चाकाशी उकिडव्या बसायच्या आणि उजव्या अंगठ्याचं नख टायरच्या रबरात दाबायच्या. बाकीची नऊ नखं बारीक कापलेली, हे एकच वाढवलेलं, काळं पडलेलं, टोकाला जाड. नख रुतलं तर मान वर करून "या, बसा" म्हणत. नाही रुतलं तर त्या माणसाचं काही खरं नसे. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या दुकानाच्या वीजबिलावर वाचूनच कळलं, आणि नंतर मी ते विसरूनही गेलो.

दुकान म्हणजे कारंजाहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका शेठच्या जागेतली पत्र्याची खोली. बाहेर हवा भरायचा कॉम्प्रेसर, आत टायरची चळत, आणि गल्ल्यावर त्यांचे यजमान. त्यांना सगळे काका म्हणत. काका बिलं लिहायचे आणि मावशींनी कोणाला झापलं की गिऱ्हाइकाला पाणी द्यायचे. दिवसभरात बरंच पाणी लागायचं.

मी त्या दुकानात गेलो तो ऐटीत गेलो. मी कामरगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि कारंजात राहतो. लहानपणापासून मनात होती ती गोष्ट बेचाळिसाव्या वर्षी करून टाकली होती : नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली होती. गावाने माझी जी काही टर उडवली तिला तोड नाही. "मास्तर, याच्यात सोयाबीनचे पोते कुठी ठेवान?" असं विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. बायको म्हणाली, "दोनच सीटची गाडी माणूस दोघांसाठी घेतो की एकट्यासाठी?"  पण लोक जितके जास्त हसले तितका मी जास्त हट्टाला पेटलो. गावात चार चाकी ट्रॅक्टर चालतो तर माझी गाडी का नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवत असे.

मावशींनी नख दाबलं. ते काचेवरून घसरावं तसं घसरलं.

"मास्तर, गाडी झ्याक हाय. टायर मेले हायेत."

"मावशी, असं काय म्हणता? गोट्या पाहा की! जवळजवळ नवेच आहेत."

आमच्याकडे टायरची किंमत गोट्यांवर ठरते. गोट्या म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे. जीपवाला, ट्रॅक्टरवाला, मोटारसायकलवाला, प्रत्येक जण टायर घेताना खाचेत बोट घालून गोटी किती खोल आहे तेवढं पाहतो आणि समाधानाने मान डोलावतो. मी मुलांना घर्षणाचा धडा अठरा वर्षं शिकवला, पण डॉक्टरांशी सौदा करताना मीही खाचेत बोटच घातलं होतं.

मावशींनी माझा हात धरून टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, उठवलेल्या चार आकड्यांवर ठेवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी हिशोब केला. टायर नऊ वर्षांचे होते.

"डाक्टर गाडी चालवत नसन. सावलीत उभी राहे, म्हनून गोट्या वाचल्या. पन टायर बसल्या बसल्याबी कडक होऊन मरते, मास्तर. तुमाले शायेत शिकवत नाही का हे?"

मी जरा चिडूनच म्हणालो, की इतकं काय मोठं होणार आहे. तेव्हा त्यांनी आवाज न चढवता गल्ल्याकडे हाक दिली, "अहो, मास्तरले पाय दाखवा."

काकांनी निमूटपणे पायजमा वर ओढला. डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता. काका पूर्वी कारंजा-मानोरा काळी-पिवळी जीप चालवायचे. एका मे महिन्यात, भर दुपारी, इंझोरीच्या अलीकडच्या वळणावर पुढचा टायर फुटला आणि जीप उलटली. नशिबाने आत दुसरं कोणी नव्हतं. तो टायर मावशींनी स्वतः निवडला होता. जुन्या बाजारातून, स्वस्तात, खाचेत बोट घालून.

"म्या आनला होता," मावशी म्हणाल्या. "गोट्या पाहून आनला. घरी येऊन ह्याईले म्हटलं, पाहा कसा भारी भेटला."

"मी तिचा पह्यला धडा होय," काका म्हणाले आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरला. त्यानंतर आठवी शिकलेली ही बाई दोन वर्षं अमरावतीच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात झाडू मारायला राहिली आणि टायरच्या कुशीवरचं एकेक अक्षर विचारून घेऊन परत आली. तिथली माणसं हसायची. मावशींनी त्यांनाही विचारून विचारून भंडावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या. मी अमरावतीच्या एका चकचकीत दुकानातून चार टायरचा भाव काढला होता. तो माझ्या दोन पगारांच्या वर जात होता. बायकोला तो आकडा मी आजतागायत सांगितलेला नाही. मावशींनी तो कागद पाहिला आणि दुमडून माझ्याच खिशात ठेवला.

"गाडी कुठी चालवतो तू?"

"कारंजा-कामरगाव. सुट्टीत कधीतरी लांब."

"शर्यतीत पळवतो का?"

"नाही."

"मंग शर्यतीचे टायर कायले? हे टायर लोन्यासारखे मऊ. आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात सपाट होतीन." मग त्यांनी दार उघडायला लावलं आणि दाराच्या खांबावरचं एक मळकं स्टिकर पदराने पुसलं. कंपनीने त्या गाडीला सोळा इंची चाकं दिली होती. डॉक्टरांनी हौसेने अठरा इंची चकाकती चाकं चढवली होती, ज्यांच्यावर माझा जीव होता. "इतल्या मोठ्या चाकाचा टायर महाग, आन् कूस इतली बारीक का एका गड्ड्यात रिम वाकन. डाक्टरले फोन लाव. जुनी चाकं घरी पडली असतीन."

खरोखरच पडली होती, गॅरेजच्या माळ्यावर. नुसतं चाक लहान केल्याने टायरचा खर्च निम्म्यावर आला.

पण मावशी सगळ्याच गोष्टीत काटकसर करू देत नसत, हेही तेव्हाच कळलं. मी एक आणखी स्वस्त टायर दाखवला तर त्यांनी त्याच्या कुशीवरचं, टायर किती वेग झेलतो ते सांगणारं अक्षर दाखवलं. गाडीच्या स्टिकरवर जे अक्षर होतं त्याच्या खालचं हे होतं. "हे खाली नाही जाऊ द्यायचं. बाकी नाव कोनतंबी घे." मी म्हणालो, मग दोनच चांगले घेऊ, दोन साधे. त्यांनी माझ्या हाताचा तळवा उलटा करून जमिनीवर टेकवला. "एक चाक जमिनीले इतलंच टेकते. तुही सारी गाडी, तू, तुही बायको, चार तयहातांवर हाय. दोन तयहात असे आन् दोन तसे?" घर्षणाचा धडा मी त्यानंतरच्या वर्षापासून असाच शिकवतो.

शेवटी त्यांनी निवडलेले टायर ना फार मऊ ना फार टणक, पावसाचं पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचे, फारशा गाजलेल्या नसलेल्या कंपनीचे होते. पहिली खेप आली, मावशींनी आकडे वाचले, दोन वर्षांपूर्वीचा माल निघाला. त्यांनी ती खेप आल्या टेम्पोने परत पाठवली. माझी गाडी तीन आठवडे विटांवर उभी राहिली आणि गावाला हसायला नवा विषय मिळाला.

मावशींची एक रीत होती. काढलेला मेलेला टायर त्या कधी अखंड परत देत नसत. सुरी पाण्याच्या मगात बुडवायच्या, कारण ओली सुरी रबरात सरसर चालते, टायर पायाखाली धरायच्या आणि मालकाच्या डोळ्यांदेखत त्याची कूस फाडायच्या. शेजारीच जागेच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या पुतण्याचं जुन्या टायरचं दुकान होतं. तो घासलेल्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडायचा, वरून काळं पॉलिश मारायचा आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना विकायचा. मावशींच्या सुरीमुळे त्याचा माल आटत होता.

नवे टायर आले आणि माझे जुने चाकांवरून उतरवले त्या दिवशी शेठ स्वतः आले. मागे पुतण्या. रुंद, गोट्या भरपूर असलेले चार टायर पाहून त्याचे डोळे लकाकत होते. वरातीला भाड्याने द्यायला त्याने तसलीच एक गाडी घेतली होती.

"बाई, हे कापू नका," शेठ गोडीत म्हणाले. "पोट्ट्याले पाह्यजेत. मास्तरलेबी दोन पैसे भेटतीन. आन् तुमचा जागेचा करारबी पुढच्या महिन्यात संपून राह्यला ना? आपल्याले पुढं जायचं हाय संगं."

 मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "टायर तुहे हायेत, मास्तर. बोल."

मी गप्प राहिलो. हे लिहायला आजही बरं वाटत नाही. पुतण्याने देऊ केलेली रक्कम चांगली होती, आणि मावशींचं दुकान जाईल ही भीतीही खरी होती. पण त्या भीतीच्या आड मी माझा लोभ लपवत होतो हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

"विकायचे असतीन तर वीक," मावशी म्हणाल्या. "मंग हे नवे मी तुह्या गाडीले लावत नाही."

मी नकाराची मान हलवली. एवढंच केलं. मावशींनी सुरी मगात बुडवली आणि शेठकडे पाहत पाहत पहिला टायर फाडला.

"बाई, जागा माही हाय," शेठ म्हणाले. आता आवाजात गोडी नव्हती.

"जागा तुमची हाय, शेठ. हात माहे हायेत." आणि दुसरा टायर ओढला. चौथा फाडून होईपर्यंत शेठ थांबले नाहीत. महिनाभराने दुकान रिकामं करावं लागलं. मी माफी मागायला गेलो तर मावशी माझ्यावरच खेकसल्या. "तुह्यामुये काय गेलं? म्या फाडले, तू काय फाडले?" ते बोलणं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

सामान हलवायच्या दिवशी काका कॉम्प्रेसरसोबत टेम्पोत बसले आणि मावशी, मांडीवर टायर उचकटायच्या टॉम्यांचं गाठोडं घेऊन, माझ्या शेजारी. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं, फक्त मानोऱ्याचा रस्ता धर म्हणाल्या. इंझोरीच्या अलीकडे, वळणाआधीच्या सरळ रस्त्यावर त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"किती हाय?"

"ऐंशी."

"दाब ब्रेक. पुरा."

मी दाबला. गाठोडं त्यांच्या पायाशी आदळलं. गाडी किंचितही आडवी न होता एका रेषेत उभी राहिली. मावशी उतरल्या, वाकल्या, पुढच्या टायरला नख लावलं. मग वळणावरच्या बाभळीकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. तिथेच काकांची जीप उलटली होती.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "इथंच टाकायचं दुकान. मागचं वावर माह्या भावाचं हाय."

"मावशी, इथं? इथं गिऱ्हाईक कोण येणार?"

"साऱ्याइले इथूनच जा लागते," त्या म्हणाल्या आणि चार खांब कुठे रोवायचे ते पावलांनी मोजायला लागल्या. माझ्या डिकीच्या झाकणाला आतून त्यांनी पांढऱ्या रंगाने एक महिना आणि एक वर्ष लिहून दिलं. "याच्या पुढं एक दिवस हे टायर वापरायचे नाही. गोट्या असो नसो, मी असो नसो."

वळणावरचं दुकान चाललं. कारंजातले लोक मुद्दाम तिथवर जायला लागले. वळणाआधी गाड्या आपोआप हळू होत, कारण पुढे एक बाई टायरकडे पाहत उभी असे. गेल्या वर्षी मावशी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मागच्या आठवड्यात डिकी उघडली आणि तो महिना समोर आला. मी टायर पाहिले. गोट्या भरपूर. माझं चालणं कमी, गाडी सावलीत. आणखी एक वर्ष सहज निघेल असं कोणीही म्हणालं असतं. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, कारण मावशींनी माझ्यासाठी निवडलेले ते शेवटचे टायर होते. नवे कोण निवडणार होतं? तरी मी वळणावर गेलो. काकांनी नवे चार काढून ठेवलेच होते. त्यांच्या वहीत मावशींनी सगळ्या गाड्यांचे महिने लिहून ठेवले आहेत.

जुने चारही उतरवून बाभळीखाली ठेवले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"गोट्या लय हायेत, मास्तर. तिच्या हातचे म्हनून ठेवतो का?"

मी उकिडवा बसलो आणि अंगठ्याचं नख दाबलं. घसरलं. दुसऱ्या टायरला दाबलं, तिथेही घसरलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. काकांपुढे कसली लाज.

"नाही, काका," मी म्हणालो. "मेले आहेत."

काकांनी पाण्याचा मग माझ्यापुढे सरकवला आणि सुरी माझ्या हातात दिली. मी ती बुडवली आणि पहिला टायर पायाखाली धरला.