काकांच्या हातावरचं म्याऊ

धनगरांच्या मेंढ्या अचलपूरच्या बाहेर शेतात बसल्या होत्या आणि आई तिथून लोकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. साठ सालाच्या आसपासची गोष्ट... मी तेव्हा सातवीत होते. गाठोडं सोडलं आणि अंगणभर मेंढ्यांचा वास पसरला.

लोकर बरीचशी काळी, थोडी पांढरी, मध्येच तपकिरी. आईने ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, बाजेवर वाळवली, काडीकचरा वेचला... आणि टकळी घेऊन कातायला बसली. आम्ही शाळेत टकळीवर कापूस कातायचो, पण लोकर कातताना मी पहिल्यांदाच कुणाला बघत होते. आई हे एका धनगरणीजवळ बसून शिकून आली होती.

आईला विणायचा भारी नाद. सायकलच्या जुन्या तारा घासून तिने सुया केल्या होत्या. पण नमुना बघून सरळ स्वेटर विणायचा तिला कंटाळा... किटलीला कोंबडीच्या आकाराची टोपी, बाबांच्या मफलरच्या दोन्ही टोकांना माशांची तोंडं. बाबा कचेरीत जाताना ती टोकं कोटाच्या आत खुपसायचे.

या वेळी मात्र कारण वेगळं होतं.

माझे काका आमच्याच घरात राहायचे, कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मशीनमध्ये त्यांचा डावा हात गेला... मनगटापासून पुढचा. अमरावतीच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा त्यांची मंदा दोन वर्षांची होती. त्यांनी तिला उचलायला हात पुढे केले, आणि तो हात बघून मंदा किंचाळत काकूच्या लुगड्यात शिरली.

मग रोज तेच. हळूहळू काकांनी तिच्यासमोर येणंच सोडलं. मागच्या खोलीत, हातावर टॉवेल टाकून बसून राहायचे. दुपारी मंदा झोपली की बाहेर येऊन तिच्या उशाशी बसायचे... ती कूस बदलू लागली की उठून जायचे. काकू ताटावर बसली की तिचा घास हातातच राहायचा.

आईने कातलेल्या लोकरीची एक पिशवी विणली, मनगटावर चढवायची. लोकर खरखरीत, म्हणून आतून बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ अस्तर. पुढच्या टोकाला काळं तोंड, दोन पांढरे डोळे, आणि दोन लांब कान.

"वयनी, हे काय होय?" काकांनी विचारलं.

"कोकरू."

"मले तर गाढव दिसून राहिलं," बाबा पेपरमागून म्हणाले.

काका हसले नाहीत. "मी का आता सोंगं घेऊन फिरू? लोक हासतील मले."

"लोकायसाठी नाही केलं, भाऊजी," आई शांतपणे म्हणाली. "घरात घाला. थंडीनं हात ठणकते ना तुमचा?"

काकांनी ते खुंटीला अडकवलं. बरेच दिवस ते तिथंच लोंबत होतं.

मग एका सकाळी कडाक्याची थंडी पडली. हात फार ठणकत असणार, कारण काका ते घालून अंगणात उन्हाला येऊन बसले. मंदा स्वयंपाकघरात काकूजवळ होती. ती कधी बाहेर आली, कुणाला कळलं नाही.

मी बंब पेटवत होते. बघते तर मंदा काकांपासून हातभर अंतरावर उभी... नजर त्या काळ्या तोंडावर. काका दगडासारखे स्थिर. मला वाटलं, आता रडणार.

"म्याऊ," मंदा म्हणाली.

तिने एक कान धरला. ओढला. मग दुसरा. काकांनी अगदी हळू हात हलवला, आणि बारीक आवाजात म्हणाले, "म्याऊ". मंदा घरात पळाली... काकांचा चेहरा पडला. पण ती परत आली, हातात भाकरीचा तुकडा घेऊन. तो तिने म्याऊच्या तोंडाला लावला आणि सरळ बापाच्या मांडीवर चढून बसली.

काकू दारात उभी होती. पदर तोंडाला लावून आत गेली. आई मात्र धुणं वाळत घालत राहिली... एकच लुगडं तीनदा झटकलं तिने.

पुढच्या हिवाळ्यात काका त्याच फॅक्टरीत गेटवर बसू लागले. बाहेर जाताना साधी काळी पिशवी, घरात म्याऊ. शाळेत जायच्या वयाची झाल्यावर मंदानेच एकदा ते ओढून काढलं आणि विचारलं, "दुखते का, बाबा?" काका म्हणाले, "नाही दुखत आता." तेव्हापासून घरात ते घालायची गरज राहिली नाही.

परवा मंदाचा अकोल्याहून फोन आला होता. बोलता बोलता मी हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी बाबांले भेत होती? काहीतरीच काय, ताई. त्याच हातावर डोकं ठेवून तर झोपत होती मी."

तिला काहीच आठवत नाही. आई आज असती, तर हे ऐकून तिला किती बरं वाटलं असतं...